पाय प्लास्टरमध्ये, फोन हातात

डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. पहिले दोन दिवस पाहुण्यांत जातात. लोक येतात, मोसंबी ठेवतात, कसे पडलात ते विचारतात. तिसऱ्या दिवसापासून घर रिकामं. मुलं कामावर, नातवंडं शाळेत. मग हात आपोआप फोनकडे जातो.

जाऊ द्या, त्यात वाईट काही नाही. फक्त फोन उघडायच्या आधी काय पाहायचं ते ठरवा. शक्य असेल तर कागदावर लिहा. नाहीतर फोन जे पुढे करेल ते पाहत बसाल आणि संध्याकाळी डोकं जड होईल.

2020 च्या मार्चमध्ये सगळा देशच घरात होता. दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा लावलं, घरोघरी एकाच वेळी पाहिलं गेलं, त्यावर फोनवर बोलणंही झालं. आता जग चालू आहे आणि तुम्ही एकटे अडकलाय. हे जास्त जड जातं. म्हणून जे पाहाल त्यात कुणाला तरी सोबत घ्या.

गेल्या पावसाळ्यात माझी आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर पहिले आठ दिवस ती पडल्या पडल्या छोटे व्हिडिओ सरकवत राहिली. रात्री झोप नाही, डोळे चुरचुरायचे. काय पाहिलंस म्हणून विचारलं तर एकही सांगता यायचा नाही. मला काळजी वाटली.

मग माझ्या भाच्याने साताऱ्याचं जुनं गॅझेटिअर इंटरनेटवर शोधलं, 1885 सालचं. इंग्रज सरकारने तेव्हा एकेका जिल्ह्याची माहिती लिहून काढली होती: पिकं, नद्या, बाजार, देवळं, माणसं. शेवटच्या भागात गावं अक्षरांच्या क्रमाने येतात. भाचा इंग्रजीतून वाचायचा आणि तिला मराठीत सांगायचा. वाई आली, कृष्णेचे घाट आले. आई त्याला मध्येच थांबवायची. “थांब, तो घाट अलीकडे. आम्ही तिथे धुणं धुवायचो.” पुढचा अर्धा तास तीच सांगत होती आणि तो वहीत लिहून घेत होता. त्या रात्री ती शांत झोपली.

तुम्हीही आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करा. जिल्ह्याचं नाव आणि ‘गॅझेटिअर’ एवढं लिहून शोधा. राज्य सरकारच्या दर्शनिका विभागाने आणि इंटरनेट अर्काइव्हने असे बरेच खंड मोफत ठेवले आहेत. काही जिल्ह्यांचे मराठीतही आहेत. इंग्रजी वाचायला घरातलं कॉलेजचं पोर बसवा. त्याचाही फायदा होतो.

लहान मुलांना शब्दांच्या मागे लावा. कणगी, उतरंड, शिंकाळं, परडं. तुम्ही शब्द सांगायचा, मुलाने मोल्सवर्थच्या कोशात शोधायचा. या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची. शिकागो विद्यापीठाने तो सगळा इंटरनेटवर ठेवला आहे. शब्द सापडला की ती वस्तू तुमच्या घरी कुठे ठेवलेली असायची, ते मुलाला सांगा.

मराठी विश्वकोशही असाच मोफत आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून त्याचं काम उभं केलं. डॉक्टरांनी सांगितलेला आजार, अंगणातलं झाड, एखादा राग, जे मनात येईल ते त्यात पाहा. औषध मात्र डॉक्टरांनाच विचारून घ्या.

डोळे थकले की ऐका. आकाशवाणीचं न्यूजऑनएअर नावाचं ॲप आहे, त्यावर विविध भारती आणि मराठी केंद्रं लागतात. रेडिओचं मला एक आवडतं. त्याला वेळ असते. सकाळची गाणी सकाळी, बातम्या ठरल्या वेळी. पडून राहिलेल्या माणसाचा दिवस सगळा एकसारखा होतो, त्याला या वेळांचा आधार मिळतो. डेटाही व्हिडिओपेक्षा पुष्कळ कमी लागतो. घरी वायफाय नसेल तर व्हिडिओची क्वालिटी 360 वर लावा. लहान पडद्यावर फरक फारसा कळत नाही.

सिनेमा एका बैठकीत संपवू नका. प्रभातचा 1936 सालचा ‘संत तुकाराम’ दोन तासांहून थोडा मोठा आहे. रोज अर्धा तास पाहा, पाच दिवस पुरेल. संध्याकाळी सगळे घरी आल्यावर टीव्हीवर लावलात तर आणखी बरं. संग्रहालयं पाहायची असतील तर गूगल आर्ट्स अँड कल्चरवर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या वस्तू आहेत. चित्रावर दोन बोटं पसरली की बारकावा मोठा होतो. घरातल्या तरुणाला काही शिकायचं असेल तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर अभ्यासक्रम मोफत आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी पडते. एकच निवडा आणि पुरा करा.

आता पैशांचं. हे नीट वाचा.

‘पहिला महिना फुकट’ म्हणणारं ॲप बहुतेक वेळा कार्ड किंवा यूपीआय आधीच जोडून घेतं. महिना संपला की पैसे आपोआप कापले जातात. म्हणून तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडा, तिथे यादी दिसेल. नको ते बंद करा. नवा सिनेमा फुकट दाखवतो म्हणून व्हॉट्सॲपवर कुणी फाइल पाठवली तर उघडू नका. टीव्हीचं रिचार्ज अडलं म्हणून कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. बिलावरचा किंवा कंपनीच्याच ॲपमधला नंबर लावा. ओटीपी कुणालाही सांगू नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी. आणि पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब 1930 ला फोन करा, मग बँकेला. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त. घरच्यांनीही अशा वेळी रागावू नये. रागाच्या भीतीनेच म्हातारी माणसं दोन-दोन दिवस बोलत नाहीत.

फोन छातीवर धरून पाहू नका, मान आखडते. उशाशी स्टूल ठेवा, त्यावर पिठाचा डबा, आणि त्याला फोन टेकवा. आईसाठी आम्ही हेच केलं. अर्ध्या तासाने पडद्यावरून नजर काढून खिडकीबाहेर लांब बघा. रात्री जेवणानंतर फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. रात्री हाक मारायची वेळ येऊ शकते, त्यासाठी उशाशी घंटी ठेवा, देवघरातली चालेल.

आणि वॉकर घेऊन उठायला लागलात की पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट रोज एकदा कुणाला तरी पाहायला सांगा. चार्जरची वायर तिथे आडवी पडलेली नको.