भरवशाची म्हैस आणि इंग्रजीची चौकडी

इंग्रजी मेल लिहिताना मराठी माणूस हमखास अडखळतो अशा काही जागा आहेत. 'बिलीफ', 'ट्रस्ट', 'कॉन्फिडन्स' आणि 'फेथ' ही चौकडी त्यातलीच. डिक्शनरी उघडावी तर ती चारही ठिकाणी 'विश्वास' लिहून मोकळी! मग आपण हाताला लागेल तो शब्द टाकतो आणि सेंड दाबतो.

तुम्ही म्हणाल, त्याने काय फरक पडतो? पडतो हो. हापिसातलं रोजचं वाक्य घ्या, "आय बिलीव्ह द बग इज फिक्स्ड." मराठीत 'माझा विश्वास आहे' म्हटलं की वाक्याला जोर चढतो. इंग्रजीत नेमकं उलटं होतं. तिथे या 'आय बिलीव्ह'चा अर्थ 'मला वाटतं बुवा, झालाय बहुतेक' एवढाच. आपण छातीठोकपणे सांगतोय असं आपल्याला वाटतं, आणि पलीकडचा क्लायंट मनात म्हणतो, म्हणजे यांनी तपासलेलं नाही.

दुसरं उदाहरण 'आय हॅव अ डाउट'चं. आपल्याकडे शंका म्हणजे साधा प्रश्न. वर्गात शंकानिरसन होतं, त्यात कुणाचा अपमान नसतो. पण हेच वाक्य अमेरिकन माणसाला ऐकवलं, तर आपण त्याच्या म्हणण्यावर संशय घेतोय असं त्याला वाटू शकतं.

आता हे चार शब्द वेगळे कसे करायचे? व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा जालना जिल्ह्यातला जून महिना हे जास्त चांगलं शिकवतो असं माझं मत आहे. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी, पण आजचं जालना ओळखलं जातं ते पोलाद आणि बियाण्यांसाठी. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथेच 'महिको' सुरू केली, आणि 1998 साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. तर अशा गावात बियाण्याची पिशवी विकत घेणारा शेतकरी नक्की कशावर 'विश्वास' ठेवतो ते बघू.

पिशवीला एक टॅग असतो. तो हिरवा असेल तर ते सत्यप्रत बियाणं, इंग्रजीत 'ट्रुथफुल लेबल'. म्हणजे उगवणशक्ती इतकी, शुद्धता इतकी, हे उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर छापतो. टॅग निळा असेल तर ते प्रमाणित बियाणं. त्याची शेतात आणि प्रयोगशाळेत तपासणी तिसऱ्याच कुणीतरी केलेली असते. आपल्या राज्यात हे काम अकोल्याची बियाणे प्रमाणीकरण यंत्रणा करते. 1966 च्या बियाणे कायद्यानुसार अधिसूचित वाणांना लेबल लावणं सक्तीचं आहे, प्रमाणीकरण मात्र ऐच्छिक. खासगी कंपन्यांचं बरंचसं संकरित बियाणं सत्यप्रत म्हणूनच विकलं जातं. (म्हणून ते कमी दर्जाचं असतं असं अजिबात नाही. फक्त त्यामागचा साक्षीदार वेगळा.)

आता चौकडी लावून बघा. हिरव्या टॅगवरचं विधान खरं मानणं हे 'बिलीफ'. बिलीफ विधानावर असतो. कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि ते आपण खरं धरलं. निळ्या टॅगमुळे किंवा स्वतः केलेल्या चाचणीमुळे येतो तो 'कॉन्फिडन्स'. गावोगाव करतात ती साधी उगवण चाचणी तुम्हाला माहीत असेल. 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, काही दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. सोयाबीनचे 70 किंवा जास्त उगवले तर पेरायला हरकत नाही. इथे आकडा हातात आहे. मराठीत याला नेमका शब्द आहे, खात्री.

शेजारच्या शेतकऱ्याकडून घरचं सोयाबीन आणलं, ना टॅग ना पावती, तर तो 'ट्रस्ट'. ट्रस्ट माणसावर असतो, आणि त्यात आपण स्वतःचं काहीतरी पणाला लावतो. नुसतं 'तो खरं बोलतो' असं वाटणं वेगळं, आणि त्याच्या शब्दावर आपला अख्खा खरीप सोपवणं वेगळं. आणि बी मातीत टाकल्यावर आभाळाकडे बघणं उरतं, ते 'फेथ'. तिथे ना आकडा, ना साक्षीदार.

थोडक्यात, शब्द निवडताना दोन प्रश्न विचारावेत. माझ्याकडे पुरावा काय आहे? आणि हे चुकलं तर नुकसान कुणाचं?

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला, इतका की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. लेबलवर लिहिलेलं चुकलं की लिहिणाऱ्याचा एक आकडा चुकतो. पेरणाऱ्याचं बी जातं, मजुरी जाते, आणि जमिनीतली ओल जाते, जी पैसे देऊनही परत मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली बियाणं घेणारा शेतकरीही ग्राहकच आहे असा निकाल दिला, ते यासाठी महत्त्वाचं. पिशवी, टॅग, पावती आणि थोडं बियाणं जपून ठेवा असं जाणकार सांगतात ते उगाच नाही. भरवसा ठेवायला कुणाचीच ना नाही, पण पावतीसकट!

आता कुणी म्हणेल, बघा, इंग्रजी किती श्रीमंत आणि मराठी किती गरीब. साफ चूक. आपल्याकडे विश्वास आहे, भरवसा आहे, खात्री आहे, श्रद्धा आहे, निष्ठा आहे, पत आहे. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इतबार आणि यकीनही कानावरून गेलेले आहेत. 'विश्वास' हा शब्द श्वासाच्या धातूवरून आलाय. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो तो विश्वासाचा. 'श्रद्धा' आणि लॅटिन 'क्रेडो' ही तर एकाच मुळाची भावंडं, आणि त्याच क्रेडोपासून 'क्रेडिट' निघालं. म्हणजे तुमच्या पाकिटातलं क्रेडिट कार्ड श्रद्धेचं चुलत भावंड आहे :-) आणि भरवशाच्या म्हशीला टोणगा, या एका म्हणीत ट्रस्टमधली सगळी जोखीम येते की नाही? अडचण शब्दांच्या तुटवड्याची नाही. आपण शहरात येऊन सगळ्याला 'विश्वास'च म्हणायला लागलो आणि बाकीचे शब्द घरी ठेवून आलो, ही अडचण आहे.

आपल्या धंद्यात तर ही सरमिसळ फार महागात पडते. ब्राउझरमधलं कुलूपाचं चिन्ह आठवा. त्यामागे निळ्या टॅगचीच पद्धत आहे. आपण खरोखर त्याच पत्त्याच्या वेबसाइटशी जोडलेलो आहोत याची ग्वाही तिसरीच संस्था देते. 2011 साली 'डिजिनोटार' नावाच्या डच कंपनीत घुसखोरी झाली, खोटी प्रमाणपत्रं बाहेर पडली, आणि त्याच वर्षी ती दिवाळखोरीत गेली. साक्षीदारच फुटला तर टॅगचा रंग काय कामाचा? याच सुमारास, 2010 मध्ये, 'झिरो ट्रस्ट' ही कल्पना पुढे आली. नाव ऐकून वाटतं, किती हे संशयी लोक! पण अर्थ साधा आहे. आतला माणूस म्हणून आंधळा भरवसा नको, प्रत्येक वेळी तपासा. म्हणजे पुन्हा गोणपाट आणि 100 दाणे.

म्हणून माझं मत असं, की हा प्रश्न भाषेपेक्षा सचोटीचा जास्त आहे. टेस्ट चालवली नसेल तर 'कॉन्फिडंट' लिहू नये. 'आय बिलीव्ह' लिहायचं असेल तर पुढच्याच वाक्यात अजून काय तपासायचं राहिलंय ते लिहावं. आणि 'ट्रस्ट मी' हे दोन शब्द, चुकलं तर नुकसानीतला वाटा स्वतः उचलणाऱ्यानेच वापरावेत. सेल्सच्या प्रेझेंटेशनमध्ये 'ट्रस्टेड पार्टनर' दिसलं की मी तरी मनातल्या मनात विचारतो, टॅग कुठल्या रंगाचा? आणि टोणगा झाला तर कुणाच्या गोठ्यात?

सोमवारी पहिला मेल लिहाल तेव्हा बघा विचारून. उत्तर 'माहीत नाही' आलं तर 'माहीत नाही' असंच लिहा. तेही चांगलं इंग्रजी आहे.