नहरे-अंबरीची नोंद शहराच्या नकाशावर घेण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
महानगरपालिका, छत्रपती संभाजीनगर

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी व राज्य पुरातत्त्व विभाग

विषय : नहरे-अंबरी व तिच्याशी जोडलेल्या नहरींचे सर्वेक्षण करून त्यांचा मार्ग विकास आराखड्यात व नगर भूमापनाच्या नकाशांत दाखवणे, तसेच रस्ते खोदाईपूर्वी त्याची पडताळणी सक्तीची करणे.

महोदय,

वरील विषयास अनुसरून आम्ही खाली सह्या करणारे जुन्या शहरातील रहिवासी आपणास हे निवेदन सादर करीत आहोत.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी या गावी नवे शहर वसवले. हबशी मुलखातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस, पण नगररचनेत त्याने आधी पाण्याचा विचार केला. खाम नदी बारमाही भरवशाची नव्हती आणि खडकाळ जमिनीत प्रत्येक वाड्याला विहीर लागेलच असेही नव्हते. म्हणून उत्तरेकडे, हर्सूलच्या बाजूच्या डोंगरपायथ्याशी, जमिनीत मुरलेले पाणी भुयारी बोगद्यांत पाझरू द्यायचे आणि केवळ उताराच्या जोरावर शहरात आणायचे, अशी योजना झाली. हीच नहरे-अंबरी. पाझराच्या भागात भुयार, पुढे बांधीव पाट, वस्तीत चुन्यात बसवलेल्या खापरी नळ्या, ठराविक अंतरावर साफसफाईसाठी तोंडे आणि मधूनमधून पाण्याचे मनोरे. मनोऱ्यात पाणी वर चढते, नळात कोंडलेली हवा निघून जाते, गाळ तळाशी बसतो आणि स्वच्छ पाणी पुढच्या नळाला लागते. या सगळ्याला ना पंप लागत होता, ना वीज. अडीच लाख रुपये खर्चून पंधरा महिन्यांत हे काम झाले, असे जुने लेखन सांगते.

मोगल फौजांनी १६१६ मध्ये आणि पुन्हा १६२१ मध्ये खडकी उद्ध्वस्त केली. तरी शहर त्याच जागेवर पुन्हा उभे राहिले. आमच्या मते त्याचे एक मोठे कारण हे पाणीच होते. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला, शहराचे नाव बदलले, वस्ती वाढली. नहरी मात्र टाकून दिल्या गेल्या नाहीत, उलट त्यात भर पडली. पाणचक्की हे त्याचे उघड्यावर दिसणारे उदाहरण. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात उभी राहिलेली ही चक्की स्वतंत्र नहरीच्या पाण्यावर चालते. उंचावरून पडणारे पाणी खालच्या चाकाला फिरवते आणि वरचे जाते दळते. पूर्वी तिथे दर्ग्यात येणाऱ्यांसाठी धान्य दळले जाई. समोरच्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत, त्यामुळे भर उन्हाळ्यात त्या दालनात गारवा असतो. पर्यटक हौदाजवळ फोटो काढून निघून जातात. ते पाणी कुठून येते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. सांगणारा फलकही पुरेसा नाही.

जे नकाशावर नाही ते खोदले जाते, आमचे म्हणणे एवढेच आहे. गटार, केबल, गॅसवाहिनी, जलवाहिनी, कोणतेही काम निघाले की जेसीबी चालकाच्या हाती जो आराखडा असतो त्यात नहर नसते. खापरी नळ फुटला की चालकाला ते जुन्या भांड्यांचे तुकडे वाटतात. तुकडे मातीत जातात, वर काँक्रीट पडते आणि तिथून पुढचा सगळा नळ कोरडा पडतो. दोष त्या चालकाला कसा द्यावा? त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

नहरीमुळे आजच्या शहराची तहान भागेल, असा आमचा दावा नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या अकरा लाखांवर होती. जायकवाडी धरणाचे पाणी उपसून आणण्यावाचून गत्यंतर नाही, हे आम्हालाही कळते. तरी पण त्याच जायकवाडीच्या नव्या योजनेसाठी २०२० मध्ये १,६८० कोटी रुपये मंजूर झाले आणि पुढे ती रक्कमही अपुरी पडली. त्या खर्चाच्या तुलनेत नहरींच्या सर्वेक्षणाचा खर्च किरकोळ ठरेल. बागा, दुभाजकांवरील झाडे, बांधकाम, अग्निशमन यांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यापेक्षा नहरीचे वापरावे, हा साधा हिशेब आहे.

त्यामुळे आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी नकाशाची आहे. जमिनीखालचा वेध घेणाऱ्या रडारने व प्रत्यक्ष पाहणीने जिवंत, तुटलेल्या आणि बुजलेल्या अशा सर्व नहरींचा मार्ग निश्चित करावा. तो विकास आराखड्यात, नगर भूमापनाच्या नकाशांत व खोदाई परवान्याच्या अर्जात दाखवावा. या मार्गावर काम असेल तेव्हा जाणकार अभियंता जागेवर असल्याशिवाय यंत्र लावू नये. जुन्या मोहल्ल्यांतील ज्येष्ठांना विचारल्यास कित्येक तोंडे आणि मनोरे कुठे होते हे ते दाखवू शकतील; त्यांची माहिती लेखी नोंदवून घ्यावी.

दुसरी मागणी पाणलोटाची. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरपायथ्याशी प्लॉटिंग, मुरूम उपसा आणि खोल बोअरवेल होत राहिल्या तर शहरातला नळ दुरुस्त करून काही उपयोग नाही, कारण पाझरच आटेल. या पट्ट्यात नव्या परवानग्या देण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा अभिप्राय बंधनकारक करावा.

तिसरी मागणी स्वच्छतेची. नहरीत दिलेले सांडपाण्याचे जोड शोधून तोडावेत व पाण्याची तपासणी करून अहवाल जाहीर करावा.

दुरुस्तीबाबत एक विनंती आहे. सिमेंट ओतून दुरुस्ती झाल्याचे दाखवू नये, चुन्याचे काम चुन्यानेच करावे. आधी एकच लहान टप्पा घेऊन तो वाहता करून पाहावा, मग पुढे जावे. आणि सफाईसाठी माणूस आत उतरवण्याआधी वायूची तपासणी व सुरक्षा साधने असलीच पाहिजेत. शक्य तिथे यंत्रच वापरावे. चारशे वर्षांचा वारसा वाचवताना एकाही कामगाराचा जीव धोक्यात येता कामा नये.

या सर्व कामासाठी एक जबाबदार अधिकारी नेमून त्याचे नाव व पद प्रसिद्ध करावे. सध्या पाणीपुरवठा, बांधकाम, पुरातत्त्व आणि वक्फ मंडळ यांच्याकडे चौकशी करताना नागरिकाला एका दारातून दुसऱ्या दारात फिरावे लागते.

आपण चर्चेसाठी वेळ द्यावी, आणि पावसाळ्यापूर्वी सर्वेक्षण सुरू होईल की नाही याचे लेखी उत्तर तीस दिवसांत मिळावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
जुन्या शहरातील रहिवासी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)