बिबट्याचा नकाशा बांधावर बसून काढा!



१९७९ साली सरकारने माळढोक पक्ष्यासाठी नकाशावर एक रेघ मारली. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली ८,४९६ चौरस किलोमीटर जमीन अभयारण्यात गेली. आपला कर्जत तालुकाही त्यात आला. शिवारे, विहिरी, गावठाणे सगळे आत. विचारले कुणालाच नाही. जमिनीच्या व्यवहारात अडचणी उभ्या राहिल्या. २०१२ साली तेच क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. तेहतीस वर्षे शेतकरी अडकला. आणि माळढोक? तोही माळावरून जवळजवळ दिसेनासा झाला.

आता बिबट्याची पाळी आहे. १९७२ च्या कायद्याने त्याला वरच्या दर्जाचे संरक्षण आहे, ते असावे. पण त्याला राहण्याजोगी जागा कुठली? नकाशात हिरवा रंग दिसला की जंगल, बाकी सगळे कोरे! बिबट्याला हा रंग कळत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी शेताशिवारात कॅमेरे लावले. २०१३ साली निष्कर्ष छापून आला: दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे, तेही जंगल नसलेल्या, माणसांनी गजबजलेल्या मुलखात.

धरून दुसरीकडे सोडण्याचा उपायही झाला. २००१ नंतर जुन्नर भागात बिबटे पकडून लांबच्या रानात सोडले. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. २०२० च्या अखेरीस आपल्या शेजारच्या आष्टी आणि करमाळा तालुक्यांत माणसे मेली. डिसेंबरात करमाळ्यात बिबट्याला गोळी घातली, तेव्हा लोकांनी श्वास सोडला. माणूसही गेला, जनावरही गेले.

म्हणून आमचे म्हणणे नीट ऐका. नकाशा नको, असे आम्ही म्हणत नाही. नकाशा हवाच, पण तो ग्रामसभेत, बांधावर बसून काढा. ऊस कुठे, ओढा कुठे, शेळ्या कुठे बांधतात, ज्वारीच्या राखणीला कोण जागते, कापूस वेचायला बाया कोणत्या वाटेने जातात, हे सगळे त्यावर येऊ द्या. मग जिथे बिबट्याची खूण पडेल, तिथे आधी मोटारीला दिवसा वीज द्या. शेळ्यामेंढ्यांना बंदिस्त गोठा द्या. जनावर मेले तर हेलपाटे न घालता भरपाई द्या. आणि त्या खुणेच्या नावाखाली सातबाऱ्यावर एकही बंधन येता कामा नये.

बिबट्या आमच्या शिवारात राहतो, आमच्या शेळ्या खातो. त्याला वाचवायचे असेल, तर त्याच्या शेजाऱ्याला आधी विचारा. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा आणि मंजूर करूनच उठा!