विश्लेषण : आसने झाली, पण मन शांत का होत नाही?

दरवर्षी २१ जूनला मैदानांत सतरंज्या अंथरल्या जातात, तासभर आसने होतात आणि दुसऱ्या दिवशी बहुतेकांची जुनी धावपळ सुरू होते. मग योगाने स्वतःची ओळख पटते, हे कितपत खरे?

आसन कितवे?
पतंजलींच्या अष्टांगयोगात आसन तिसरे. त्याआधी यम आणि नियम येतात. पाच नियमांपैकी एक स्वाध्याय, म्हणजे ग्रंथांचा आणि स्वतःचाही अभ्यास.

नाशिकचा संबंध काय?
विश्वास मंडलिक यांनी १९७८ मध्ये योग विद्या धाम सुरू केले. २०१८ मध्ये त्यांना योगासाठीचा पंतप्रधान पुरस्कार मिळाला. गौरव करताना पतंजली, हठयोग, गीता आणि उपनिषदे यांच्या ५५ वर्षांच्या अभ्यासाचीही दखल घेतली गेली.

शांतता येते कशी?
श्वास सावकाश सोडला की शरीराला विसावा देणारी परानुकंपी चेतासंस्था सक्रिय होते, हृदयाची गती मंदावते. अशा वेळी मनात उठणारा राग किंवा भीती ओळखणे सोपे जाते. ही ओळख रोजच्या सरावानेच पक्की होते.

मर्यादा कोणती?
नैराश्य किंवा तीव्र चिंतेत योग उपचारांना पूरक ठरू शकतो, पर्याय नव्हे. डॉक्टरांना न विचारता औषधे बंद करू नयेत.