शौर्याचा सातबारा

गावच्या मातीतच शौर्य असतं, हे वाक्य शहरातली माणसं फार सहज लिहितात. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी, गाझीपूर जिल्ह्यातलं गहमर अशी नावं घ्यायची, घरटी जवान असल्याचं कौतुक करायचं आणि विषय संपवायचा. असा मजकूर मी अनेकदा अनुवादासाठी हाताळला आहे. शौर्याचा सातबारा गावाच्या नावावर करून शहर स्वतः मोकळं होतं, असं मला त्यातून दिसत आलं आहे.

मुळात ही परंपरा धोरणाने घडवली. १८५७नंतर इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ ठरवल्या. शिकलेला शहरी तरुण त्यांना नको होता. आज्ञेत राहणारा शेतकऱ्याचा मुलगा हवा होता. १८१८ साली कोरेगावला लढलेल्या महारांची भरती १८९०च्या दशकात बंद झाली. त्यांचं शौर्य एकाएकी आटलं होतं का? पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा दार उघडलं, युद्धानंतर पुन्हा बंद झालं. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१मध्ये. माती तीच होती.

आज गावातला मुलगा पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटर पळतो, कारण जिरायती शेतीचे वाटण्यांनी तुकडे झालेत आणि पगार-पेन्शनची नोकरी त्याच्या टप्प्यात एवढीच होती. जून २०२२मध्ये अग्निपथ योजना आली: चार वर्षं नोकरी, मग जास्तीत जास्त २५ टक्के कायम. बिहारमध्ये मुलं रस्त्यावर उतरली, तेव्हा त्यांना ऐकवलं गेलं की सैन्य ही सेवा आहे, नोकरी नव्हे. ऐकवणाऱ्यांच्या घरातलं कोण मैदानावर पळत होतं?

शहरातली मुलंही सैन्यात जातात. त्यांचा रस्ता बहुधा खडकवासला किंवा डेहराडूनचा, अधिकारी होण्याचा. त्या परीक्षांत इंग्रजीचा पेपर चुकत नाही. बाकीच्या प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत. मराठी, तमिळ, ओडियाला तिथे जागा नाही. म्हणून एकाची ‘भरती’ होते, दुसऱ्याची ‘निवड’. एक सलाम ठोकतो, दुसरा घेतो.

आदर खरा असेल तर या परीक्षा भारतीय भाषांत घ्या आणि चार वर्षांनी परतणाऱ्या मुलाला कायमचं काम द्या. आणि आपण लिहिणाऱ्यांनी ‘वीरभूमी’ हा शब्द वापरण्याआधी त्या गावात दुसरी कोणती नोकरी मिळते, एवढं तरी विचारावं.