घरापूर्वीं जागा, जागेपूर्वीं हिस्सेदार

मुंबई-पुण्याची नोकरी संपल्यावर मालवण किनाऱ्यावर जागा घ्यावी व चार खोल्यांचें घर बांधावें, असा संकल्प पुष्कळ कुटुंबांत होत असतो. संकल्प स्तुत्य आहे; परंतु तो करणारे गृहस्थ प्रथम चौकशी करितात ती चिऱ्याच्या भावाची, आणि इसार देऊन झाल्यावर सातबाऱ्याची. हा क्रम उलटा होय.

आमच्या बाजूचा सातबारा एकदां मन लावून वाचावा. चार-पांच गुंठ्यांच्या भरडासहि पंधरा-वीस नांवें लागलेलीं असतात. त्यांतील कांहीं मंडळी दिवंगत, कांहीं गिरगांव-परळांत, कांहींचा ठावठिकाणा कोणासच ठाऊक नाहीं. विक्रीची बोलणीं मात्र गांवीं राहणारा एकटा थोरला भाऊ करीत असतो. बहिणींविषयीं विचारल्यास "त्या केव्हांच सासरीं गेल्या" हें ठरलेलें उत्तर! एकाच हिस्सेदाराकडून खरेदीखत करून घेणाऱ्यास त्या एकाचाच अविभक्त हिस्सा मिळतो. त्यांतील कोणता कोपरा त्याचा, हें वांटणी झाल्यावांचून ठरत नाहीं. मग जोतें पुरें होतें न होतें तोंच वकिलाची नोटीस येते, आणि आयुष्याची शिल्लक जोत्यांत अडकून पडते.

मिताक्षरेनें वडिलार्जित मिळकतींत पुत्राचें स्वत्व जन्मतःच मानिलें. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनें तें कन्येसहि लाभलें. आणि त्या दिवशीं पिता हयात असलाच पाहिजे असें नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वीं झालेलीं खरेदीखतें व रीतसर वांटण्या मात्र अबाधित आहेत. तेव्हां घेणाऱ्यानें बहिणींस स्वतः भेटावें, त्यांच्या सह्या खरेदीखतावरच घ्याव्या व त्यांचा पैसा त्यांच्याच हातीं पडेल असें पाहावें. भाऊबिजेच्या ओवाळणीबरोबर हक्कसोडपत्र पुढें सारणारे भाऊ आम्हीं पाहिले आहेत. अशा सहीवर उभ्या राहिलेल्या घराची वास्तुशांत कितीहि यथासांग केली तरी तिचा उपयोग काय?

शेतजमीन असेल तर घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, असें १९४८ च्या कूळकायद्याचें ६३ वें कलम सांगतें. नाहीं तर सरकारी परवानगी हवी. समुद्र दिसणाऱ्या जागेचा मोह अनेकांस पडतो. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा १९९१ च्या अधिसूचनेनें नियमनाखालीं आला. २०१९ सालीं नियम बदलले, पण निर्बंध उठले नाहींत. आपला तुकडा त्या नकाशांत कोठें पडतो, तें इसारापूर्वींच पाहावें. दलाल तें सांगत नाहीं.

राहिलें पाणी. शिवाजीमहाराजांनीं १६६४ सालीं कुरटें बेटावर सिंधुदुर्गाचा आरंभ केला. चहूंकडे खारा समुद्र असतां दूधबाव, दहींबाव व साखरबाव या तेथील तिन्ही विहिरींचें पाणी गोड! प्रत्येकाचें भाग्य तसें नसतें. जांभा सच्छिद्र असल्यामुळें सड्यावर पडलेला मुसळधार पाऊस झिरपून निघून जातो, आणि मार्गशीर्षांत तुडुंब दिसणारी विहीर वैशाखांत तळ दाखविते. दलाल जागा दाखवावयास नेतो तो बहुधा दिवाळीनंतर, सारें हिरवेंगार असतांना. जाणत्यानें वैशाखांत पुनः जावें, शेजाऱ्याच्या विहिरींत दोर सोडावा, आणि पाणी चाखून पाहावें.