मुळासकट

मधुमेह झालेल्या माणसाला साखर वर्ज्य असते. सल्ले मात्र त्याला पंक्तीतल्या जिलबीसारखे आग्रहानं वाढले जातात. गेली सात वर्षं मी हे ताट पुढ्यात घेऊन बसलो आहे. शिवाय बँकेत काउंटरच्या आत बसणाऱ्याला पळून जायचीही सोय नाही. स्लिप आत सरकवता सरकवता माणूस विचारतो, “काय, शुगर किती?” आणि मी आकडा सांगायच्या आत उपाय सांगून मोकळा होतो. भिजवलेल्या मेथ्या, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, विजयसाराच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं तांबूस पाणी, चिरून भिजत घातलेली भेंडी, तळव्याखाली फिरवायचा काट्यांचा रूळ, मनगटात चुंबकाचं कडं. एवढं सगळं रोज करायचं म्हणजे नोकरी सोडावी लागेल. मग साखर आपोआपच उतरेल म्हणा, कारण घरात खायला काही येणारच नाही.

माझं भांडण यातल्या कशाशीच नाही, हे आधी सांगून टाकतो. मेथ्या मी खातो. कारल्याची भाजी आमची ही आठवड्यातून दोनदा करते आणि मी ती निमूटपणे खातो, हा तर विवाहसंस्थेचाच विजय आहे. योगासनंही करतो. शवासन तर आम्हा बँकवाल्यांना शिकवावं लागत नाही. हास्यक्लबालाही माझी हरकत नाही. १९९५ साली मुंबईत ही टूम निघाली आणि जगभर गेली. आता तिथले लोक विनोदावाचून हसतात, हा माझ्यासारख्या विनोदी लेखकाच्या पोटावर पाय आहे, पण मंडळींना बरं वाटतं ना? मग हसोत.

माझं भांडण एकाच वाक्याशी आहे. “आधी त्या इंग्रजी गोळ्या बंद करा, मग बघा, मुळासकट जातो की नाही!”

आता या उपचारांना पूरक म्हणतात. पूरक म्हणजे पुरवणी. परीक्षेत आपण मूळ उत्तरपत्रिकेला दोऱ्यानं बांधायचो ती. मूळ उत्तरपत्रिका फाडून खिडकीबाहेर टाकली आणि नुसती पुरवणी दिली, तर अक्षर कितीही सुंदर असो, मास्तर काय देतील? पुरवण्या हव्या तेवढ्या घ्या. मी बी.कॉम.ला अकाउंटन्सीच्या पेपराला चार घेतल्या होत्या. पण दोरा मुळाला बांधा!

यावर पलीकडून उत्तर तयार असतं, “आमचं नैसर्गिक आहे हो.” धोतराही नैसर्गिक आहे. नाग तर पूर्ण नैसर्गिक आहे, त्याला पूजेचाही मान आहे, म्हणून त्याला कोणी उशाशी घेत नाही. आणि ज्या मेटफॉर्मिनला ही मंडळी केमिकल म्हणून नाक मुरडतात, तिचं कूळ शोधत गेलं तर ते युरोपातल्या गॅलेगा नावाच्या एका झुडपापाशी पोहोचतं. जाँ स्टर्न नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १९५७ मध्ये तिचा मधुमेहावरचा गुण जाहीर केला. म्हणजे झाडपाल्याचंच औषध, फक्त मोजून-मापून, किती मिलिग्रॅम ते वर छापून. आणि निसर्गाचीच गोष्ट काढायची तर १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं, त्याआधी सगळ्या जगाचा उपचार नैसर्गिकच होता की! त्या काळी हा आजार झालेल्या लहान मुलांचं काय व्हायचं, ते कोणी सांगत नाही. ती मुलं सुकत जायची आणि मरायची.

“आमच्यात साइड इफेक्ट नाहीत.” ज्याला इफेक्टच नाही त्याला साइड कुठून येणार? पण तेही खरं नाही. २००४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतून आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी सत्तर औषधं आणून तपासली, तर चौदांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. पाचात एक. पाचांतली एक नोट खोटी निघाली तर आमचा कॅशियर खिडकी बंद करून पोलिसांना फोन करील. यात आयुर्वेदाचा अपमान नाही. अपमान करतात ते बिनलेबलाच्या डब्यातून चूर्ण विकणारे.

मग शेवटचं अस्त्र: “आमच्या साडूंना गुण आला.” साडूंची चौकशी केली की कळतं, चूर्ण सुरू केलं त्याच दिवशी त्यांनी रोज तासभर चालायला सुरुवात केली, रात्रीचा भात सोडला आणि सात किलो उतरले. याला आमच्यात ‘राँग क्रेडिट’ म्हणतात. पैसे भरले पायांनी आणि जमा झाले चूर्णाच्या खात्यात! आमच्या हातून असं झालं तर दुसऱ्या दिवशी नोंद उलटवून मेमो मिळतो. इथं चूर्णवाल्याला हार मिळतो. आणि ज्यांना गुण आला नाही ते साडू सांगायला येत नाहीत.

आमचे जुने हेडकॅशियर आले नाहीत. नोटांचं बंडल त्यांच्या अंगठ्याखालून पत्त्यासारखं पळायचं. इन्शुलिनवर होते. निवृत्त झाल्यावर एका चूर्णवाल्यानं त्यांना तीन महिन्यांचा कोर्स दिला आणि सुया बंद करायला लावल्या. त्याच उन्हाळ्यात ते देवळाच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घालून आले. तळव्याला फोड आला, तो त्यांना कळलाच नाही. मधुमेहात पायांची संवेदना जाते, तशी त्यांची गेली होती. कळलं ते वासावरून. उजव्या पायाची तीन बोटं काढावी लागली.

मी भेटायला गेलो तेव्हा चिडून विचारलं, “साहेब, तुम्ही शंभराची नोट दोनदा उजेडात धरून बघायचात, या माणसावर विश्वास कसा ठेवलात?” ते म्हणाले, “अरे, तो पाऊण तास बसला माझ्यापाशी. झोप लागते का विचारलं. मुलीच्या घटस्फोटाचं विचारलं. डॉक्टर तीन मिनिटांत कागद हातात देतो, आणि पाय तर कधी बघितलेच नाहीत त्यानं.”

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि डॉक्टरमंडळींना सुचत असेल तर त्यांनी द्यावं. पाय बघायला एक मिनिट लागतं. ते एक मिनिट दवाखान्यात मिळत नाही, म्हणून चूर्णवाल्याची पाऊण तासाची दुकानदारी चालते.

तेव्हा मी माझे पाय स्वतःच बघतो. रोज रात्री, हिचा हातातला आरसा तळव्याखाली धरून, बोटांच्या बेचक्यांसकट. (पहिल्या दिवशी हिला वाटलं मी पायांना पावडर लावतोय.) चपलेशिवाय घरातही चालत नाही. बूट संध्याकाळी घेतो, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालतो, आणि वहीत आकडे लिहितो. त्या वहीमुळे मला कळलं, की माझी साखर सर्वांत वर जाते ती उपवासाच्या दिवशी. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू. देवाला फसवता येतं, ग्लुकोमीटरला नाही. ड्रॉवरमध्ये साखरेची पुडी ठेवतो. हात कापायला लागून घाम फुटला की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. कारल्याचा रस आणि गोळी अशी युती केली असेल तर ही पुडी फार जवळ ठेवावी, आणि डॉक्टरला रसाचं सांगावं. तो ओरडला तरी सांगावं.

नवा उपाय आला तर त्यालाही मी नाही म्हणत नाही. एका वेळी एकच, तीन महिने, गोळ्यांना हात न लावता. मग एचबीएवनसी. ही तपासणी म्हणजे तिमाहीची सरासरी शिल्लक. तांबडी पेशी साधारण एकशेवीस दिवस जगते आणि तेवढ्या दिवसांची साखर अंगावर नोंदवून ठेवते. आदल्या दोन दिवशी गोड सोडून हा आकडा सुधारत नाही. एकतीस मार्चला ताळेबंद कसा सजवतात हे बँकवाल्यांना शिकवू नका! माझ्या वहीत मेथ्यांनी काही फरक दाखवला नाही, चुंबकानं तर नाहीच. जेवणानंतरच्या चालण्यानं दाखवला. मेथ्या तरी खातो. चव आवडायला लागली आहे.

१९५४ च्या कायद्यानं या देशात मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला बंदी आहे, हे मी प्रत्येक मुळासकटवाल्याला सांगतो. त्यानं कोणी घाबरत नाही. म्हणून आता मी कोरा कागद पुढे करतो. “या माणसाच्या गोळ्या मी बंद करवल्या, होणाऱ्या परिणामांस मी जबाबदार” एवढं लिहा, खाली पूर्ण नाव, पत्ता आणि सही. आजवर सही एकाचीही नाही. मागच्या आठवड्यात एकानं काउंटरवरचं पेन घेतलं, बराच वेळ कागदाकडे पाहिलं, आणि पेन खिशात घालून चालता झाला. दोरीसकट.